शेवटी लागणारं काम आधी सुरू करायचं

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला "माल कधी निघेल?" असं विचारलं की तो आधी छाटणीची तारीख आठवतो आणि तिथून सव्वाशे दिवस बोटांवर मोजतो. छाटणी, पेस्ट, डोळे फुटणं, पोंगा, फुलोरा, डिपिंग, विरळणी, मण्यात पाणी उतरणं आणि मग काढणी. कुठलं काम कशाची वाट बघतं, कुठल्या आठवड्यात किती माणसं लागतील, पाऊस आला तर काय मागे पडेल, हे त्याला तोंडपाठ असतं. कुणी शिकवावं लागत नाही. हाच माणूस बांधकाम काढतो तेव्हा मात्र सगळं विसरतो आणि ठेकेदाराला एकच प्रश्न विचारत राहतो: "कधी होईल?"

माझा भाचा त्यातलाच. दिंडोरी तालुक्यात त्याची बाग आहे. त्याला मळ्यातच छोटं पॅकहाऊस, म्हणजे काढलेला माल निवडून भरायची जागा, बांधायचं होतं: एक शेड, आत प्रीकूलिंगची, म्हणजे आलेला माल लगेच थंड करायची खोली आणि तो साठवायला एक कोल्ड रूम. मी अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बावीस वर्षं प्लॅनिंगला होतो. प्लॅनिंगवाला म्हणजे रोज सकाळी कुणालाच नको असलेला प्रश्न विचारणारा माणूस. निवृत्तीनंतर असे प्रश्न विचारायला घरचंच कुणी मिळालं, म्हणून मी खूश होतो. कामाचं नियोजन, वेळापत्रक आणि देखरेख हा विषय त्याच्या पॅकहाऊसच्या आधारानेच सांगतो, कारण पुस्तकातले पूल आणि धरणं वाचून तो कुणालाच कळत नाही.

नियोजन, वेळापत्रक आणि देखरेख हे तीन शब्द एका दमात घेतले जातात, पण कामं तीन आहेत. काय काय करायचं आणि कशाशिवाय काय अडतं, हे ठरवणं म्हणजे नियोजन. त्याला तारखा, माणसं आणि पैसा जोडला की वेळापत्रक होतं. प्रत्यक्षात काय चाललंय ते बघून शेवटच्या तारखेचं काय होणार, हे वेळेवर ओळखणं म्हणजे देखरेख. बहुतेक लोक पहिली पायरी गाळून थेट तारखांवर उडी मारतात. भाच्यानेही तेच केलं होतं. त्याच्या वहीत एकच ओळ होती, "पॅकहाऊस – 1 फेब्रुवारी."

तारीख तशी बरोबर होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटणी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला माल. त्या दिवशी खोली थंड असायला हवी. प्रश्न होता त्या तारखेपासून मागे किती यायचं हा. त्यासाठी आधी कामांची फोड करावी लागते. "पॅकहाऊस बांधणे" हे काम नव्हे, ते गाठोडं आहे. गाठोडं सोडून एकेक वस्तू जमिनीवर मांडायची, इतकी सुटी की प्रत्येकीबद्दल "हे कोण करणार आणि त्याला किती दिवस लागणार?" याचं एका वाक्यात उत्तर मिळावं. फोड करताना विसरतात ती कामं जवळपास नेहमी कागदाची असतात. भाच्याला पहिल्याच वर्षी निर्यात करायची असती, तर पॅकहाऊसला अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता लागली असती आणि ती यादीतली एक स्वतंत्र ओळ झाली असती. त्याला पहिला हंगाम देशातल्या बाजारावरच काढायचा होता, म्हणून ती ओळ गेली. पण ती विचार करून काढली, विसरून नाही.

त्याच्या ओट्यावर बसून आम्ही जी मांडणी केली ती अशी. नकाशा, मोजणी, कागदपत्रं आणि यंत्रांना किती वीज लागेल याचा हिशेब, हे सगळं मिळून चार आठवडे. ते झालं की चार गोष्टी एकदमच सुरू होऊ शकतात: पाया (चार आठवडे), शेडचे लोखंडी भाग कारखान्यात बनवून घेणं (सहा आठवडे), कोल्ड रूमचे पॅनेल आणि कूलिंगची यंत्रं मागवणं (पॅनेलना पाच आठवडे, यंत्रांना दहा), आणि ट्रान्सफॉर्मरसह वीजजोडणी (चौदा आठवडे). पाया आणि लोखंड दोन्ही तयार झाल्यावर शेड उभी करायला तीन आठवडे. शेडखाली काँक्रीटची फरशी घालून ती पाणी मारून पक्की व्हायला तीन. मग पॅनेल बसवणं दोन, यंत्रं बसवणं दोन, आणि वीज आल्यावर चाचणीचा एक आठवडा.

आता या कामांच्या वाटा मोजायच्या. पायाच्या वाटेने गेलं तर चार, चार, तीन, तीन, दोन, दोन आणि एक, म्हणजे एकोणीस आठवडे. लोखंडाच्या वाटेने पायाच्या चारऐवजी सहा येतात, म्हणून एकवीस. विजेच्या वाटेने चार, चौदा आणि एक, असे एकोणीस. सगळ्यात लांब वाट एकवीस आठवड्यांची, म्हणून पॅकहाऊस त्याआधी होणं शक्यच नाही. या सगळ्यात लांब वाटेला क्रिटिकल पाथ म्हणतात. या वाटेवरचं कुठलंही काम एक दिवस लांबलं, तर शेवटची तारीख एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. इथे पायाला दोन आठवड्यांची, विजेलाही दोनच, आणि पॅनेल मागवण्याला चक्क सात आठवड्यांची. या सवडीला धंद्यात फ्लोट म्हणतात, पण मला सवड हाच शब्द आवडतो, कारण सवड वापरली की ती संपते हे त्या शब्दातच आहे.

भाच्याला यातल्या एका गोष्टीचं नवल वाटलं. मळ्यातला प्रत्येक माणूस पायाकडे बघणार होता, कारण पाया डोळ्यांपुढे असतो. खड्डे, खडी, सेंट्रिंग, मिक्सरचा आवाज. पण क्रिटिकल काम तिथे नव्हतंच. ते दिंडोरीपासून दूर, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये होतं, जिथे त्याचं लोखंड दुसऱ्या कुणाच्या तरी ऑर्डरखाली दबून पडलं असण्याची पूर्ण शक्यता होती. म्हणून मी त्याला सांगितलं, पायावर दिवसातून एकदा गेलास तरी पुरे, वर्कशॉपला मात्र आठवड्यातून दोनदा जा.

ही वाट मोजण्याची रीत फार जुनी नाही. कामांच्या आडव्या पट्ट्या काढून दाखवणारा तक्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यामुळे रूढ झाला. आजही साइटच्या ऑफिसात भिंतीवर दिसतो तो गँट चार्ट हाच. पण नुसत्या पट्ट्यांवरून कोण कुणावर अवलंबून आहे ते कळत नाही. ते दाखवणारी क्रिटिकल पाथची पद्धत 1957च्या सुमारास ड्युपाँट या रसायन कंपनीने रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीच्या मदतीने तयार केली. जवळपास त्याच वेळी, 1958मध्ये, अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची पद्धत काढली. फरक असा की रसायनांच्या कारखान्यात कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते अनुभवाने माहीत होतं, क्षेपणास्त्र मात्र आधी कुणी बनवलंच नव्हतं. म्हणून पर्टमध्ये एका कामाचे तीन अंदाज घेतात: सगळं जमून आलं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळंच आडवं गेलं तर. नेहमीच्या अंदाजाला चारपट वजन देऊन तिघांची बेरीज करायची आणि सहाने भागायचं.

हे विजेवर लावून बघितलं. जमून आलं तर आठ आठवडे, नेहमीसारखं चौदा, आडवं गेलं तर सव्वीस. आठ अधिक छप्पन्न अधिक सव्वीस म्हणजे नव्वद, भागिले सहा, पंधरा. म्हणजे ज्याला आपण 'साधारण चौदा' म्हणत होतो, तो अंदाज मुळातच एक आठवडा भाबडा होता. कारण कामं लवकर व्हायला जेवढी जागा असते, त्यापेक्षा उशीर व्हायला कितीतरी जास्त असते. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979मध्ये माणसाच्या या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. मागच्या पाच कामांना उशीर झालेला असूनही सहावं वेळेत होईल असं आपल्याला मनापासून वाटतं. घराच्या प्लास्टरचं काम काढलेल्या कुणालाही हे नाव माहीत नसेल, पण रोग माहीत असतो.

एकवीस आठवडे हा कागदावरचा आकडा. त्याला कॅलेंडर लावायचं बाकी होतं. दिवाळीचा एक आठवडा साइटवर कुणी नसणार. दुसरी अडचण अस्सल इथलीच: ऑक्टोबरनंतर पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर छाटणी, डिपिंग, विरळणी यांत गुंतलेले. बांधकामाला माणूस हवा असतो नेमका तेव्हा बागेलाही हवा असतो, आणि भाचा कुणाला आधी देणार हे सांगायला ज्योतिषी नको. माणसं, मिक्सर, क्रेन अशी साधनं एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतात, हे वेळापत्रकात धरलं नाही तर ते नुसतं चित्र उरतं. आम्ही शेड उभारायचं काम ठेकेदाराच्या स्वतःच्या टोळीकडे दिलं. थोडं महाग पडलं.

दिवाळीचा एक आठवडा आणि राखीव दोन धरून चोवीस झाले. 1 फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे मागे गेलं की 17 ऑगस्ट येतो. राखीव दोन आठवडे प्रत्येक कामात थोडे थोडे वाटून टाकले नाहीत, शेवटी एकत्र ठेवले. वाटून दिले की ज्याचा तो खाऊन टाकतो. सहा आठवड्यांचं काम आठ आठवडे दिले तर आठ आठवड्यांत होतं, हे मी बावीस वर्षं बघितलंय.

असं शेवटाकडून मागे मोजण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण नाशिककरांच्या दारातच आहे. सिंहस्थाची तारीख कुणा अधिकाऱ्याने ठरवलेली नसते, ती ग्रहांच्या गणितातून येते आणि पुढे ढकलता येत नाही. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी आणि पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी ठरलं. पाहणाऱ्याला वाटतं मुदत 2 ऑगस्टची. पण तेव्हा गोदेला पावसाचं पाणी असतं, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला सगळं गाव येतं. नदीच्या पात्रातलं आणि घाटांचं कुठलंही काम त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीलाच संपायला हवं. म्हणजे नदीतल्या कामांची खरी मुदत छापलेल्या तारखेच्या दोन महिने आधीच येते, आणि हातात असतात फक्त कोरडे हंगाम. उरलेले महिने मोजायचे तर पावसाळे वजा करून मोजायचे.

आता देखरेख, म्हणजे ज्यात आमचं चुकलं ते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, पाया झाला बरं का. एकदम वेळेत आहे काम." रोज व्हॉट्सॲपवर फोटो येत होते आणि मीही ते बघून मान डोलावत होतो. खड्डे, सळया, काँक्रीट, सगळं छान. मी सहज विचारलं, "विजेचा अर्ज कधी केलास?"

"तो ना? या सोमवारी टाकतो. वीज काय, शेवटीच लागते ना!"

आमच्या मांडणीच्या कागदावर नकाशा-हिशेबाच्या कामाकडून विजेकडे जाणारा बाण होता. चार आठवड्यांनंतर अर्ज जायला हवा होता. 17 ऑगस्टपासून नऊ आठवडे झाले होते. नऊ अधिक चौदा तेवीस, आणि चाचणीचा एक, चोवीस. दिवाळी धरून बाविसाव्या आठवड्यात संपणारं काम चोविसाव्यावर गेलं होतं. राखीव दोन आठवड्यांची शिल्लक एका अर्जाने खाल्ली होती आणि साइटवर कुणालाही ते दिसलं नव्हतं, कारण न झालेल्या अर्जाचा फोटो निघत नाही. क्रिटिकल पाथही आता बदलला होता. लोखंडाची वाट मागे पडली आणि विजेची सगळ्यात लांब झाली. हा पाथ एकदा काढून भिंतीला चिकटवायची गोष्ट नव्हे. कामं पुढे-मागे झाली की तो सरकतो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा मोजावा लागतो. कसूर भाच्याइतकीच माझीही होती. मी "काय झालं?" एवढंच विचारत होतो. "या आठवड्यात काय सुरू व्हायला हवं होतं आणि झालं नाही?" हे विचारायला हवं होतं.

टक्केवारीही अशीच फसवते. "नव्वद टक्के झालंय साहेब" हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलं असेल, आणि एकाच कामाबद्दल सलग सहा आठवडेही ऐकलंय. समृद्धी महामार्ग बघा. एकूण लांबी 701 किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. मार्च 2024मध्ये रस्ता इगतपुरीपर्यंत आला, म्हणजे 625 किलोमीटर, लांबीच्या हिशेबाने 89 टक्के. उरलेले 76 किलोमीटर, इगतपुरी ते आमणे, खुले व्हायला 5 जून 2025 उजाडला. शेवटच्या अकरा टक्क्यांना सव्वा वर्ष, कारण त्यांत सह्याद्री होता, जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा होता, दऱ्यांवरचे उंच पूल होते. सपाटीवरचा किलोमीटर आणि कसाऱ्याजवळचा किलोमीटर एकाच फुटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून प्रगती विचारताना "किती टक्के?" पेक्षा "अजून किती दिवस लागतील?" हा प्रश्न बरा. मागच्या आठवड्यात "दहा दिवस" म्हणणारा या आठवड्यातही "दहा दिवस" म्हणाला, तर जाऊन बघायचं.

पैशाची देखरेख याहून फसवी आहे. भाच्याने बांधकामाला वीस लाख धरले होते. एका टप्प्यावर वेळापत्रकाप्रमाणे निम्मं काम, म्हणजे दहा लाखांचं, व्हायला हवं होतं. खर्चही दहा लाखच झाला होता. तो खूश. वेळेनुसार पैसे गेले, म्हणजे सगळं बरोबर! मी विचारलं, झालेलं काम किती लाखांचं? मोजून बघितलं तर आठ लाखांचं. दहा लाख देऊन आठ लाखांचं काम हातात आलं होतं. याच चालीने गेलं तर वीस लाखांच्या कामाला पंचवीस लागणार, आणि वेळेतही आपण पाचव्या हिश्श्याने मागे. ठरलेलं, झालेलं आणि खर्चलेलं हे तीन आकडे शेजारी ठेवण्याच्या या पद्धतीला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. नाव भारी, गणित वाण्याच्या वहीतलं. फक्त हिच्यावर विसंबायचं नाही, कारण क्रिटिकल काम कुठलं हे तिला कळत नाही. कंपाउंडची भिंत भराभर बांधली तरी आकडे सुधारतात, आणि खोली गरमच राहते.

या सगळ्या तुलना करायला मूळ वेळापत्रक जपून ठेवावं लागतं. त्याला बेसलाइन म्हणतात. उशीर झाला की लोक गुपचूप तारखा पुढे सरकवतात आणि तक्ता पुन्हा हिरवा दिसतो. सुधारलेलं वेळापत्रक वेगळं करा, जुन्याला हात लावू नका. मी तर भाच्याच्या जुन्या तक्त्यावर सही करून तो त्याच्या देवघरात ठेवायला लावला होता, तिथे तरी कुणी खाडाखोड करणार नाही म्हणून.

उशीर झालाच तर काय करायचं? पैसे ओतून काही कामं लवकर होतात, काही होत नाहीत. शेड उभारायला दोन टोळ्या लावता येतात. फरशीच्या काँक्रीटला मात्र पाणी मारत थांबावंच लागतं, जसं दहा मजूर जास्त लावले म्हणून मण्यात पाणी लवकर उतरत नाही. आणि जिथे सवड आहे तिथे पैसे ओतणं म्हणजे पाण्यात घालणं. ठेकेदार पॅनेल लवकर आणायचे जादा पैसे मागत होता. पॅनेलना सात आठवड्यांची सवड होती, ते लवकर येऊन पावसात उभे राहिले असते. मी नाही म्हणालो.

वीजजोडणीला शेवटी सोळा आठवडे लागले. चौदा धरले होते, पर्टने पंधरा सांगितले होते. अर्ज नवव्या आठवड्याच्या शेवटी गेला, म्हणजे वीज पंचविसाव्याच्या शेवटी येणार आणि चाचणी सव्विसाव्यात. माल मात्र चोविसाव्याला तयार. डिसेंबरमध्येच हे दिसलं होतं, म्हणून निवांतपणे चार ठिकाणी चौकशी करून भाड्याचा जनरेटर ठरवता आला. जानेवारीच्या शेवटी धावपळ करून तोच घेतला असता तर सगळ्या बागांचा हंगाम एकदम सुरू झालेला असतो, भाव दुप्पट. चाचणी जनरेटरवर झाली. पहिले क्रेट 2 फेब्रुवारीला प्रीकूलिंगमध्ये गेले आणि चाचणी धरून दोन आठवडे डिझेल जळत राहिलं. भाच्याच्या हिशेबात ते 'इतर खर्च' म्हणून लिहिलंय. मी खोडून 'पाच आठवडे उशिरा टाकलेला अर्ज' असं लिहायला सांगितलं, तर म्हणाला, "मामा, वहीत एवढी जागा नाही."